पैलथडीची हाळी

आत्याच्या गावातला चुलीचा धूर आमच्या ओट्यावरून दिसायचा. सकाळी सडा टाकता टाकता माय समोर बघून म्हणायची, "वन्संकडं आज उशिरा पेटली चूल." इतक्या लांबून कुणाच्या धाब्यावरचा धूर हे ओळखू येणं शक्य नव्हतं, तरी ती म्हणायचीच. मधे होती फक्त गंगा. रस्त्यानं गेलं तर तेच गाव शहागडच्या पुलावरून चाळीस किलोमीटर पडतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, आत्याचं जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात. गोदावरीला आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा. तिच्या काठचा सगळा मुलूख गंगथडी. आपला काठ ऐलथडी, समोरचा पैलथडी. आत्याच्या सासरचे लोक आम्हाला 'पैलथडीचे पाव्हणे' म्हणायचे आणि मला कोडं पडायचं, कारण पैलथडीला तर ते राहत होते. पहिल्यांदा नावेत बसून पलीकडं गेले, उतरून मागं बघितलं, तेव्हा कोडं सुटलं. आमचा ओटा तिकडून केवढासा दिसत होता!

नाव जिथं लागायची त्या जागेला आम्ही उतार म्हणायचो. धक्का, बंदर, जेटी हे शब्द मला फार उशिरा भेटले. उतारावर बांधलेलं असं काही नव्हतंच. दोर अडकवायला एक बाभूळ, पाय ठेवायला काळ्या दगडांची रास, आणि पाणी चढेल-उतरेल तशी जागा बदलणारी पायवाट. नाव सागवानी, बुडाला डांबर फासलेली. नावाडी भोई समाजाचे. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा. निम्म्या गावाच्या लेकी त्यांनीच सासरी पोचवल्या होत्या, तेव्हा मामा म्हणणं बरोबरच होतं.

भरल्या पाण्यात नाव सरळ समोर नेता येत नाही, पाणी तिला खाली ओढतं. म्हणून मामा आणि त्यांचा थोरला मुलगा दोर खांद्यावर घेऊन आधी नाव काठाकाठानं वर ओढत न्यायचे. महादेवाच्या देवळाच्याही वर, आमच्या चुलत्यांच्या बांधापर्यंत. तिथून सोडली की ती तिरपी तिरपी खाली येत बरोबर समोरच्या उताराला लागायची. किती वर न्यायची, हे पाण्याच्या रंगावर ठरायचं. लाल गढूळ पाणी असलं, त्यावर फेस आणि काटक्या वाहत असल्या की बांधाच्याही पुढं. निवळशंख असलं की देवळापासूनच. पुढं मी शाळेत गणित शिकवायला लागले. नाव आणि प्रवाहाच्या वेगाची उदाहरणं फळ्यावर मांडताना मला मामांचा दोर दिसायचा, आणि त्या दोरानं त्यांच्या खांद्यावर पडलेला वळ.

गावाकडून नावेचे पैसे घ्यायचे नाहीत अशी रीत होती. सुगीला घरटी दोन पायल्या जवारी. वऱ्हाड नेलं तर नारळ आणि टॉवेल-टोपी. परगावच्या माणसाकडून मात्र उतराई घ्यायची. आजोबांच्या तोंडी हर्रास हा शब्द असायचा. निजामाच्या राज्यात तरीचा, म्हणजे नावेचा, हर्रास व्हायचा, बोली लावून ठेका घ्यावा लागायचा, असं ते सांगत. बैलगाडी न्यायची असली तर चाकं काढून नावेत आडवी ठेवायची आणि बैल मागं पोहत यायचे, कासरा नावेतल्या माणसाच्या हातात. पोस्टमन, कासार, बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई, सगळे एकाच फळीवर बसायचे. जातीपातीनं अंग चोरून बसणारेही मी पाहिले. पण पाणी हलायला लागलं की सगळे एकाच काठाला हात घट्ट धरायचे.

नाव नसली तर सांगड. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधायचे, छातीखाली घ्यायचे आणि पाय मारत निघायचं. 'सांगड घालणे' आपण किती सहज म्हणतो! तो शब्द पाण्यातून आला आहे आणि मी तो आजोबांच्या कमरेला बांधलेला बघितला आहे.

आमच्यापासून थोड्या अंतरावर राक्षसभुवन. तिथल्या शनीला शनी अमावास्येला पैलथडीची माणसं लोटायची, तेव्हा नावेला दिवसभर उसंत नसायची. याच राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ ला लढाई झाली. गंगेला पावसाळ्याचं पाणी, निजामाचं निम्मं सैन्य उतरून पैलथडीला गेलेलं, उरलेलं अलीकडं, दिवाण विठ्ठल सुंदरच्या हाताखाली. माधवराव पेशवे आणि राघोबादादांनी नेमकं त्याच वेळी गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडं पोचलेल्या निजामाला मधल्या पाण्यामुळं मागं फिरून मदत करता आली नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा दोन ओळींचा. आम्ही गंगथडीची पोरं तो उतारावर उभं राहून वाचायचो. अर्धं घर अलीकडं आणि अर्धं पलीकडं असलं म्हणजे काय होतं, ते आम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

नाव पलीकडं असली की हाळी द्यायची. "ए नावाऽऽऽ" म्हणून शेवटचा स्वर लांबवत न्यायचा, मधे तोडायचा नाही. पाण्यावरून आवाज लांब जातो. भाऊबीजेला आत्या तिकडच्या काठावरून हाळी द्यायची, नाव अलीकडं असली तरी आणि पलीकडं असली तरी. माझे वडील, आबा, ओट्यावरून जबाब द्यायचे आणि मगच उताराकडं निघायचे. आत्या आबांहून चार वर्षांनी धाकटी. त्यांना ती भाऊ म्हणते.

माझ्या आठवणीतली नाव ही खरं तर सरत्या काळातली. आजोबांच्या वेळी मृगाच्या पाण्यापासून संक्रांतीपर्यंत नाव चालायची, मग गंगा पायउतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी, व्हायची. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ धरणाचा पाया घातला गेला आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ते सुरू झालं. मूळ योजना खाली, आमच्याच बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. जागा वर पैठणला गेली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. सत्तावीस दरवाजे, शंभर टीएमसीहून जास्त पोट. ते भरेपर्यंत खाली पाणी कशाला सुटतंय? श्रावण भाद्रपदातही आमची गंगा वाळूत एका कडेनं वाहायची. मामांची नाव बाभळीखाली उपडी पडायला लागली. आधी महिनाभर, मग दोन महिने, मग एखाद्या वर्षी पाण्याला लागायचीच नाही.

धरणाला मी नावं ठेवणार नाही. उजवा कालवा आमच्या तालुक्यातून माजलगावकडं गेला, त्याच्या पाण्यावर ऊस झाला, त्या उसाच्या पैशावर माझं डी.एड. झालं. ७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांसमोर धरणाविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही. पण ज्या गंगेनं आमच्या शेताला कालव्यातून पाणी दिलं, तिचंच पात्र कोरडं पडलं, हेही खरं. आम्ही आत्याकडं वाळू तुडवत चालत जायला लागलो. आत्याही चालत यायची. ताट डोक्यावर, चपला हातात.

त्याच ७२ च्या दुष्काळात धाकटे काका मुंबईला गेले. इथं खडी फोडून, सुकडी खाऊन पोट भरेना. गाववाल्याच्या ओळखीनं ते दारूखान्यात जहाजं तोडायच्या कामाला लागले आणि रे रोडच्या बाजूला झोपडीत राहिले. १९८४ च्या मे महिन्यात त्यांनी मला आणि माझ्या भावाला मुंबई दाखवायला नेलं. मी दहा वर्षांची. राणीची बाग बघितली, म्हातारीचा बूट बघितला, आणि एका रविवारी काका म्हणाले, "चला, तुम्हाला भाऊच्या धक्क्यावर नेतो."

मी विचारलं, "कुणाचा भाऊ?"

काकांना हे एका म्हाताऱ्या खलाशानं सांगितलेलं होतं. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणून एक गृहस्थ, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्या काळी बोटीनं मुंबईत येणाऱ्यांना गुडघाभर चिखलातून काठ गाठावा लागायचा. बायका, म्हातारे, लेकरं यांचे हाल बघून भाऊंनी १८४१ साली धक्का बांधला. मूळ धक्का दक्षिणेला, गोदी वाढत गेली तसा तो सरकत माझगावच्या बाजूला आला. जागा बदलली पण नाव भाऊचंच राहिलं. मला त्या वयातही हे आवडलं होतं की एवढ्या मोठ्या गोदीत साहेबांची नावं असताना, उतरणाऱ्याचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून खटपट करणाऱ्या माणसाला लोकांनी भाऊ म्हणून लक्षात ठेवलं. गावी परत आल्यावर मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या भावाचाच धक्का म्हन की. तिथंच तर ऱ्हातो तो." तेव्हापासून तिच्या बोलण्यात मुंबई म्हणजे भावाचा धक्का.

त्या रविवारचा वास अजून नाकात आहे. मासळी, डिझेल, बर्फाची ओली गोणपाटं, आणि या सगळ्याच्या तळाशी खारा चिखल. लाकडी लाँच एकमेकींना खेटून उभ्या. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण धक्क्याच्या पायऱ्यांवर कालच्या पाण्याची शेवाळी रेघ बघितली तेव्हा ते पटलं. आमची गंगा वर्षातून एकदा चढायची. इथं पायवाट रोज चार वेळा बदलत होती. लाँचवर चढायला एक फळी. पाण्यासोबत लाँच वर-खाली होत होती आणि फळीही. पलीकडं उभा खलाशी प्रत्येकाचा हात धरून "पाय उचला, पाय उचला" करत आत ओढून घेत होता. त्याचा हात मामांच्या हातासारखाच खरखरीत होता.

तिकिटाच्या खिडकीजवळ पाटीवर 'उतारू' असं लिहिलेलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं आणि हसले. आमच्या गावाबाहेरचा उतार आणि मुंबईचे उतारू एकाच घरातले निघाले होते.

आम्ही रेवसच्या लाँचमध्ये बसलो. धक्का मागं गेला, समोर नुसतं पाणी. मी घाबरून विचारलं, "काका, पैलथडी कुठंय?" काकांनी माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. धुरकट हवेत निळे डोंगर होते. "ती बघ. दिसती का? तीच पैलथडी."

परतताना त्यांनी रामदास बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वादळी पावसात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढ संपत आलेला, गटारीला घरी निघालेले चाकरमाने त्यात पुष्कळ. रेवसकडच्या कोळ्यांनी धरलेली मासळी समुद्रात टाकून होड्यांमध्ये माणसं घेतली म्हणून काही वाचली, असं सांगतात. काका हे सांगत असताना लाँचमधल्या एका आजींनी पाण्याला हात जोडले. आमच्याकडंही नाव मध्यावर आली की बायका गंगेत पैसा टाकायच्या.

१९९८ ला पुन्हा गेले तेव्हा कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण सुरू झाली होती. कोकणात बंदरं घेत घेत गोव्यापर्यंत जाणाऱ्या आगबोटींचे दिवस तर आधीच संपले होते. काका म्हणाले, आता लांबचा उतारू इथं येत नाही, मोरा आणि रेवसचाच काय तो येतो. त्या खेपेला मासळीबाजार अधिक मोठा वाटला आणि उतारूंची जागा अधिक आक्रसलेली. बाकी काही विशेष लक्षात नाही. माझ्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती.

तीच मुलगी आता नवी मुंबईत नोकरीला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्याकडं गेले. काका २००९ लाच गावी परतले होते, निघताना त्यांनी एकच काम सांगितलं, "धक्का बघून ये." १२ जानेवारीला अटल सेतू सुरू झाला होता, शिवडीपासून न्हाव्यापर्यंत २१.८ किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावरून. मुलगी मला गाडीतून त्यावरून घेऊन गेली. तो पूल बघून माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एवढ्या पाण्यावरून माणसानं एवढा सरळ रस्ता नेला! आणि मग टोलनाक्याच्या अलीकडची पाटी वाचली. दुचाकीला मनाई, तीनचाकीला मनाई, पायी चालणाऱ्याला मनाई.

दुसऱ्या दिवशी डॉकयार्ड रोडला उतरून आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. काकांनी पाहिलेला धक्का एका बाजूला तसाच आहे. दुसऱ्या बाजूला नवं टर्मिनल उभं आहे. १५ मार्च २०२० ला इथून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली, पाचशेच्या घरात माणसं आणि शंभरावर गाड्या घेणारी. सुरू झाली आणि आठवड्याभरात टाळेबंदी लागली, मग ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. आता गाड्यांची रांग लागते, बोटीचं तोंड जमिनीवर टेकतं, गाडी सरळ आत जाते. तासाभरात मांडवा. रस्त्यानं अलिबागला जायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी वेळ. आत गार हवा, काचेची खिडकी, खायला-प्यायला मिळतं. पायी उतारूलाही घेतात, मात्र तिकीट लाँचच्या मानानं बरंच चढं. बैलगाडीची चाकं काढून नावेत आडवी ठेवणारे मामा मला आठवले. त्यांनी हे बघितलं असतं तर बोटीच्या बुडाला हात लावून आधी लाकूड कुठलं ते शोधलं असतं.

आम्ही मोऱ्याची लाँच पकडायला जुन्या बाजूला गेलो. लाँच उशिरा सुटणार होती, पलीकडं ओहोटी लागलेली. मोरा बंदरात गाळ साचतो, पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागू शकत नाही, मग थांबायचं. बाकावर पाट्या घेऊन बसलेल्या चार-पाच जणी, एक सायकलवाला, शाळेचा गणवेश घातलेला एक मुलगा, आणि उरणला मुलीकडं निघालेल्या एक आजी. त्यांच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. मी विचारलं, "सेतू झाला, गर्दी कमी झाली असंल ना?"

पाटीवाली म्हणाली, "गाडीवाल्यांचा सेतू तो, ताई. आम्हाला कोन सोडतंय?"

सायकलवाल्यानं सांगितलं की उरणला लोकलही आली आहे, सेतूच्याच दिवशी, आणि ती खरोखर उपयोगाची आहे, नेरूळ-बेलापूरकडं जाणाऱ्याला. पण दक्षिण मुंबईत पहाटे यायचं तर त्याला लाँचच बरी पडते. आजी काही बोलल्या नाहीत. लाँच लागल्यावर उठल्या, फळीपाशी गेल्या आणि हात पुढं केला. खलाशानं धरला. चाळीस वर्षांत ती फळी रुंद झालेली नव्हती. तिला कठडा आला नव्हता. पायऱ्यांवरची शेवाळ तशीच होती.

लाँच पाण्यात गेल्यावर उत्तरेला सेतूची बारीक रेघ दिसत होती. मी तिच्याकडं बघत बसले आणि मला कसलं तरी ओझं वाटायला लागलं. पाणी ओलांडायची सोय करताना आपण आधी गाडीचा विचार करतो. गाडीसाठी समुद्रात खांब रोवतो, ग्रीसहून बोट आणतो. पायी माणसाची सोय १८४१ साली कुणा भाऊला सुचली, आणि त्यानंतर तिच्यात किती भर पडली? कठड्याची फळी करायला असा काय खर्च येतो? पायऱ्या घासायला? गाळ काढायला खर्च येतो, मान्य. पण पाटी डोक्यावर घेऊन ओहोटी सरायची वाट बघणाऱ्या बाईचा वेळ हा वेळ नाही का?

हा प्रश्न मी मुंबईला विचारते आहे असं वाटेल. मी तो गंगथडीलाच विचारते आहे.

कारण आमच्याकडं गेल्या दहा-पंधरा वर्षांत गंगेत पुन्हा पाणी उभं राहिलं. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे एकाखाली एक बंधारे झाले. पावसाळा सरत आला की दारं टाकतात आणि पात्र काठोकाठ भरून राहतं. विहिरींना पाणी आलं, उन्हाळ्यात जनावरं जगली. आणि ज्या वाळूतून आत्या चालत यायची ती वाळू पाण्याखाली गेली. नाव तर कधीच गेलेली होती. मामा वारले, त्यांचा थोरला रांजणगावच्या कंपनीत आहे. नावेच्या फळ्या कुणी गोठ्याला लावल्या, कुणी चुलीत घातल्या. दोन्ही थड्यांमधलं पाणी परत आलं, ते ओलांडायचं साधन परत आलं नाही.

आता आमच्या गंगेत होडी दिसली की ती वाळूची असते. रात्री इंजिनाचा आवाज येतो, पाइप लावून तळ उपसतात, पहाटेच्या आत हायवा ट्रक भरून जातात. मधूनमधून धाड पडते, बोट पकडली की जिलेटिन लावून उडवतात. आवाज गावापर्यंत येतो. आबा दर वेळी उठून बसतात. "नाव फोडली का रं?" त्यांना सांगावं लागतं की ती आपली नाव नव्हती.

माणसांसाठी आहे चप्पू. थर्माकोलचे तुकडे दोरीनं आवळायचे, वर फळी टाकायची, झाला चप्पू. आजोबांची सांगडच ती, फक्त भोपळ्याच्या जागी थर्माकोल. शेत पलीकडं असलेला माणूस त्यावरून जातो, खताची गोणीही नेतो. उसाच्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून तिच्यात बसून जाणारेही मी बघितले आहेत. वर जायकवाडीच्या फुगवट्याला गंगापूर तालुक्यात भिवधानोरा आहे. तिथली लेकरं थर्माकोलवर बसून शाळेला जातात, पाण्यातले साप हुसकायला हातात बांबू घेऊन, ही बातमी २०२३ साली सगळ्या देशानं वाचली. मी शिक्षिका आहे. हजेरी घेताना 'गैरहजर' लिहिण्याआधी मी त्या दिवशी पहिल्यांदा थांबले. माझ्याही वर्गात पैलथडीची दोन मुलं होती आणि ती कशावरून येतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

पूल मागून मागून आमची एक पिढी म्हातारी झाली. पूल होईल तेव्हा होईल. मी तर म्हणते, तोवर एक नाव द्या. चांगली, काठाला टेकणारी, लाइफ जॅकेटं असलेली, पगारी नावाड्याची. लेकरांना, बायांना, म्हाताऱ्यांना नेणारी. कोट्यवधींच्या बंधाऱ्यात एका नावेचा खर्च कुठं दिसलासुद्धा नसता. बंधाऱ्याच्या नकाशावर पाणी किती साठेल हे काढलं, किती हेक्टर भिजेल हे काढलं; त्या पाण्यानं किती पायवाटा बुडतील हे काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ज्यांच्या पायवाटा बुडाल्या ते कधी मोजणीत नव्हते.

आत्या रस्त्यानं यायला लागली. ऑटोनं शहागड, तिथून एसटीनं गेवराई, तिथून पुन्हा काळीपिवळी. जाऊन-येऊन दिवस जातो. तरी दर भाऊबीजेला आली. गुडघे गेले तरी आली. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र पाऊस थांबेचना. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गंगा अशी आली की राक्षसभुवन, पंचाळेश्वर पाण्यात. गावंच्या गावं रात्रीत उठून उंचावर गेली. माणसं काढायला जवान होड्या घेऊन आले. कित्येक वर्षांनी आमच्या उताराला माणसांची होडी लागली ती अशी. कपाशी गेली, सोयाबीन कुजलं, जमिनी खरवडून निघाल्या. तिच्या गावातून निघणारा रस्ता तीन जागी वाहून गेला.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "भाऊ, माझ्यानं काय येनं होत न्हाई. तुम्ही उतारावर या. मी इकडून येते."

आबा ऐंशीचे. त्यांना आम्ही दोघा बहीणभावांनी धरून उतारापर्यंत नेलं. काकाही काठी टेकत आले. बाभूळ पुरात गेली होती, तिच्या जागी खड्डा. पाणी लालसर, दारं टाकलेली असल्यानं संथ. समोर पातळसर उन्हात एक हिरवं लुगडं आणि तिच्याशेजारी तिची नात. नातीच्या हातात ताट असावं, चमकत होतं.

आबांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. "ए नावाऽऽऽ." स्वर मधेच तुटला. दम पुरला नाही. शिवाय काठाला सगळीकडं मोटारी सुरू, पंपांची घरघर.

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. ते मोठ्यानं म्हणाले, "आलं का गं ऐकू?"

तिकडून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला. "फोनातून आलं, भाऊ. गंगंवरून न्हाई आलं."

आबांनी फोन माझ्या हातात दिला, धोतराचा सोगा खोचला, आणि पाण्याच्या आणखी दोन पावलं जवळ जाऊन पुन्हा हात तोंडाशी नेले.